ज्याची त्याची पायरी

औंढा नागनाथच्या मंदिरात येणारा भाविक बाहेरच्या भिंतींवरील शिल्पे पाहतो, अरुंद वाटेने वाकून खालच्या गाभाऱ्यात उतरतो, दर्शन घेतो आणि पुढच्या प्रवासाला लागतो. शिरड शहापूरला भगवान मल्लिनाथांच्या दर्शनास जाणारी आपल्या समाजातील अनेक कुटुंबेही याच तालुक्यातून जातात. या गावाशी संतपरंपरेतील जी कथा निगडित आहे, ती बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. ती मुळात शिक्षणाची कथा आहे, हे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

कथा अशी सांगतात. संतांचा मेळा जमला होता. गोरोबाकाका जातीने कुंभार. मडके कच्चे की पक्के, हे थापटण्याने वाजवून ओळखण्यात त्यांचा हात बसलेला. मुक्ताबाईंनी त्यांना विनंती केली, की इथे बसलेली मडकीही एकदा तपासून पाहा. गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारत गेले. बाकीचे शांत राहिले, नामदेव मात्र चिडले. निकाल लागला, हे मडके कच्चे. भर सभेत झालेल्या या अपमानाने व्यथित होऊन नामदेव पंढरपुरास परतले आणि तेथून गुरूच्या शोधात औंढ्यास विसोबा खेचरांकडे आले. देवळात पाहतात तो विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पहुडलेले. नामदेवांनी पाय काढण्यास सांगितले. विसोबा म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला हलवत नाहीत, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले आणि जिथे जिथे ठेवले तिथे तिथे लिंग प्रकट झाले.

विसोबांनी प्रवचन केले नाही. समोरच्या शिष्याजवळ भक्ती अपार आहे आणि देव मूर्तीपुरताच आहे ही त्याची एक समजूत तेवढी अडून बसली आहे, हे त्यांनी ओळखले होते. त्या एका शिष्याला त्या घडीला जो धडा हवा होता, तोच त्यांनी दिला आणि तोही त्याच्याच हातून करवून घेतला. ज्ञानदेवांना किंवा मुक्ताबाईंना हा धडा देण्याचे कारण नव्हते. गोरोबांची परीक्षाही एकेकाची होती; सर्व मडकी एकदम वाजवून सरासरी आवाज काढण्याचा प्रकार तिथे नव्हता. त्या परीक्षेत खटकणारी गोष्ट एकच, ती म्हणजे ती चारचौघांत झाली. या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

अलीकडे शिक्षणक्षेत्रात ‘व्यक्तिनिहाय शिक्षण’ हा शब्दप्रयोग वरचेवर कानी पडतो. अनेकांच्या डोळ्यांसमोर त्याबरोबर महागडी शाळा, प्रत्येक मुलाच्या हातात टॅब आणि वातानुकूलित वर्ग उभा राहतो. शब्दाचा अर्थ खरे तर इतकाच, की मूल ज्या पायरीवर उभे आहे ती पायरी आधी पाहावी आणि तेथून त्याला वरच्या पायरीवर न्यावे. हे करण्याची निकड श्रीमंत शाळेपेक्षा औंढ्यासारख्या तालुक्यातील प्राथमिक शाळेला कितीतरी अधिक आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. वाड्या आणि तांडे यांचा हा मुलूख. हळद, सोयाबीन, कापूस ही पिके. पाऊस दगा देतो त्या वर्षी मजुरीसाठी बाहेरची वाट. येथील लहान वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा बहुधा दोन शिक्षकी असते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. इयत्ता चार किंवा पाच आणि शिक्षक दोन, म्हणजे एका शिक्षकाकडे किमान दोन वर्ग आलेच. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते आणि शाळेत पाऊल टाकताच त्याला प्रमाण मराठीतले पुस्तक भेटते. शेजारी बसलेल्या मुलीच्या घरी मोठा भाऊ शिकलेला असतो, तिला अक्षरे शाळेत येण्याआधीच ओळखीची झालेली असतात. पुस्तक दोघांना एकच, पानही एकच.

अशा शाळेतील तिसरीचा एक वर्ग उदाहरणादाखल घेऊ. पट बारा. दोघांना सुटी अक्षरेही नीट ओळखता येत नाहीत. तिघे अक्षरे ओळखतात, पण ती जोडून शब्द करताना अडखळतात. चौघे शब्द वाचतात, वाक्यात मात्र त्यांचा दम तुटतो. उरलेले तिघे गोष्ट सरळ वाचून टाकतात आणि मग कंटाळून खिडकीबाहेर पाहत बसतात. शिक्षक फळ्यावर धडा सातवा लिहितात. तो धडा कोणासाठी आहे? पाचांना तो पोहोचत नाही, चौघांना अर्धा पोहोचतो, तिघांना जुना वाटतो. शिक्षक ज्या ‘सर्वसाधारण’ विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून शिकवतात, तो विद्यार्थी त्या खोलीत बसलेलाच नसतो.

ज्यांनी आयुष्यभर हिशेब पाहिले त्यांना हा घोटाळा चटकन कळेल. तेरीज जुळली म्हणजे प्रत्येक खाते बरोबर आहे असे होत नाही. शाखेच्या एकूण ठेवींचा आकडा पाहून कोणत्या खातेदाराची शिल्लक शून्यावर आली आहे, हे समजत नाही. त्यासाठी खातेवहीचे पान उघडावे लागते. शाळेचा निकाल, वर्गाची टक्केवारी, तालुक्याची सरासरी हे सारे तेरजेचे आकडे होत. शिकणे मात्र पानापानावर, एकेका नावाखाली घडते.

शिवाय या खात्यातील थकबाकी चक्रवाढीने वाढते. दुसरीत जोडाक्षरे राहून गेली की तिसरीत धडा समजत नाही, चौथीत शाब्दिक उदाहरण कळत नाही, पाचवीत परिसर अभ्यासाचे पुस्तक परके वाटते. दिल्लीतील काही शाळांच्या माध्यमिक वयाच्या मुलांचा अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावीतील मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आढळली आणि नववीपर्यंत जाता जाता हे अंतर साडेचार इयत्तांवर गेलेले दिसले. म्हणजे मुले वर्ग चढत गेली आणि कर्ज वाढत गेले. दिल्लीत हे चित्र असेल, तर औंढ्याच्या एखाद्या तांड्यावर ते काय असेल याची कल्पना करता येते.

येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. याच औंढा तालुक्यात ‘लायगो इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक पडला तरी तो टिपणारे यंत्र, असे तिचे स्वरूप आहे. विश्वाच्या टोकावरून आलेली थरथर मोजणारी ही व्यवस्था होवो आणि लवकर होवो. त्याच तालुक्यातील तिसरीच्या मुलाला किती वाचता येते, हे मोजण्यास मात्र एक कागद आणि तीन मिनिटे पुरतात.

तो कागद ‘प्रथम’ या संस्थेने प्रचलित केला. १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी सुरू केलेली ही संस्था. कागदावर चार भाग असतात : काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा एक छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. मूल ज्या भागापर्यंत सहज वाचते तो त्याचा स्तर. गणितासाठी असाच दुसरा कागद, त्यावर अंक ओळखण्यापासून हातच्याची वजाबाकी आणि भागाकारापर्यंत उदाहरणे. हाच कागद घेऊन २००५ पासून देशभरातील ग्रामीण भागात ‘असर’ पाहणी होत आली आहे. सरकारी शाळेत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. सुधारणा स्वागतार्ह आहे. तरीही शंभरातील शहात्तरांहून अधिक खाती अजून थकीतच आहेत.

मोजल्यानंतर काय करायचे, याचे उत्तरही मुंबईतच सापडले. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर वेगळे बसवून शिकवण्यात आले. शिकवणाऱ्या त्याच वस्तीतील बारावीपर्यंत शिकलेल्या तरुणी होत्या, त्यांना ‘बालसखी’ म्हणत. या कामाचे मोजमाप अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी केले. मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ झाली आणि जी मुले सर्वांत मागे होती त्यांना लाभ सर्वांत अधिक झाला. बॅनर्जी आणि डफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते ज्या प्रकारच्या प्रयोगांसाठी मिळाले त्यांतला हा एक.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे आढळले. शिक्षण खात्याने अशा मुलांच्या नावापुढे गैरहजेरी मांडली असती. ताराबाईंनी शाळाच गुरांमागे नेली. ती ‘कुरणशाळा’. मुलाची सोय पाहून शाळेने आपली जागा आणि वेळ बदलावी, हा विचार कित्येक दशकांपूर्वी पालघरच्या रानात अमलात आला होता. त्यानंतर १९८५ मध्ये कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी ‘सृजन आनंद विद्यालय’ काढले. मूळच्या अमेरिकन असलेल्या आणि भारताचे नागरिकत्व घेतलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणमध्ये ‘कमला निंबकर बालभवन’ उभे केले आणि मराठी वाचन मुलांना कोणत्या क्रमाने सोपे जाते यावर वर्षानुवर्षे काम केले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी हीच वाट सरकारी शाळांत आणली. ते पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक तेथे जात. या साऱ्यांची तपशीलवार पद्धत निरनिराळी आहे. मुलाकडे पाहण्याची नजर एक आहे.

दोन शिक्षकी शाळेच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी नमुना मात्र आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीचा. तेथे पद्मनाभ राव आणि रमा यांनी परिसरातील एकशिक्षकी शाळांसाठी संपूर्ण प्राथमिक अभ्यासक्रमाचे लहान लहान टप्पे पाडले आणि त्यांची एक शिडी तयार केली. प्रत्येक टप्प्यासाठी कार्डे, कार्डावर एखाद्या प्राण्याचे चित्र. मूल भिंतीवरच्या शिडीवर आपला टप्पा पाहते, ते कार्ड स्वतः काढते, काही कार्डे शिक्षकांजवळ बसून करते, काही सोबत्यांबरोबर, काही एकटे. टप्पा जमला की पुढचे कार्ड. या रचनेतील खरी खुबी मूल गैरहजर राहिले तेव्हा दिसते. नेहमीच्या वर्गात पंधरा दिवस आजारी पडलेले मूल परत येते तेव्हा धडा पुढे गेलेला असतो. येथे मूल आपण सोडलेल्या कार्डापाशीच परत येते. कर्नाटकातील ‘नली कली’ आणि २००३ मध्ये चेन्नई महापालिकेत सुरू होऊन पुढे तमिळनाडूभर गेलेली कृतीयुक्त अध्ययनाची पद्धत या दोहोंचे मूळ याच शिडीत आहे.

आता आपल्या दोन शिक्षकी शाळेकडे परतू आणि हिशेब मांडून पाहू, कारण ‘हे सारे ठीक आहे, पण वेळ कोठे आहे’ हा आक्षेप सर्वांत आधी येतो. समजा, एका शिक्षिकेकडे पहिली आणि दुसरी मिळून चोवीस मुले आहेत. प्रत्येकाचे वाचन ऐकण्यास तीन मिनिटे धरली तर एकंदर बहात्तर मिनिटे होतात; रोज आठ मुले घेतली तर तीन दिवसांत काम संपते. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. शिक्षिकेने रोजचा केवळ अर्धा तास एकेका मुलाजवळ बसण्यासाठी राखून ठेवला, तर वर्षाची सहा हजार मिनिटे होतात. चोवीस मुलांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला २५० मिनिटे, म्हणजे चार तास दहा मिनिटे. हे थोडे वाटेल. ज्या मुलाच्या शेजारी बसून कोणीही कधीच पुस्तक उघडलेले नाही, त्याच्यासाठी ते थोडे नाही.

त्या अर्ध्या तासात बाकीची मुले काय करतील, हा पुढचा प्रश्न. आणि सारे कौशल्य येथेच आहे. भिंतीच्या तळाशी मुलांच्या उंचीवर रंगवलेला तळफळा प्रत्येकाला थोडा थोडा वाटून दिलेला असतो. एक गट चिंचोके आणि काड्यांचे गठ्ठे घेऊन दशक-सुटे मांडतो. दुसरा शब्दपट्ट्यांवरून वाक्ये जुळवतो. गोष्ट वाचू शकणारी मुले आपापले पुस्तक घेऊन बसतात, त्यांतील एखादी मुलगी शब्दांवर अडलेल्यांना वाचून दाखवते. वर्गात आवाज होतो. तपासणीस आलेल्या साहेबांना शांत वर्ग आवडत असेल, तर त्यांची निराशा होईल.

शिक्षिकेजवळ मुलागणिक एक कार्ड असावे. त्यावर तारीख, मूल कोणत्या स्तरावर आहे, नेमके कोठे अडते, आणि पुढच्या पंधरवड्यात काय घ्यायचे, एवढेच. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, त्यातील ‘वर्णनात्मक नोंदी’ याच हेतूने होत्या. प्रत्यक्षात काय झाले, हे शिक्षकांना विचारावे. बाजारात तयार नोंदींची पुस्तके आली आणि ‘चित्रे आवडीने काढतो’, ‘स्वच्छतेचे महत्त्व जाणतो’ अशी वाक्ये पटावरील क्रमांकांपुढे उतरवली जाऊ लागली. साऱ्या खात्यांवर एकच नोंद करणाऱ्या कारकुनाला कोणत्याही बँकेने ठेवले नसते. पण शिक्षकांना दोष देण्यापूर्वी त्यांच्या टेबलावरील इतर कागदही मोजले पाहिजेत. मतदारयाद्या, सर्वेक्षणे, पोषण आहाराचा तांदूळ, ऑनलाइन माहिती भरणे, पुन्हा तीच माहिती दुसऱ्या नमुन्यात भरणे. यातून अर्धा तास मोकळा काढणे हे खरे कठीण काम आहे. तो अर्धा तास वरिष्ठांनी सुरक्षित करून दिला नाही, तर बाकीची सर्व भाषणे व्यर्थ आहेत.

आता गोरोबांच्या थापटण्याकडे. स्तर पाहणे आणि शिक्का मारणे यांत फार बारीक सीमारेषा असते. चाचणी चारचौघांत झाली, नावे फळ्यावर लागली, ‘अ’ गट आणि ‘ड’ गट असे बाक वेगळे झाले, की नामदेवांना जे वाटले तेच सात वर्षांच्या मुलाला वाटते. आणि त्याला औंढ्याची वाट दाखवायला कोणी नसते. गटांना मोर, पोपट, चिमणी अशी गोंडस नावे दिल्याने काही फरक पडत नाही. कोणता पक्षी ‘ढ’ आहे, हे मुलांना दुसऱ्या दिवशी कळते. म्हणून वाचन ऐकायचे ते ओसरीत, झाडाखाली, बाजूला घेऊन. गट फक्त भाषा आणि गणिताच्या तासापुरते. खेळ, गाणी, चित्रे, जेवण सर्वांचे एकत्र. दर महिन्या-दीड महिन्याने पुन्हा ऐकायचे आणि मुलांची जागा बदलायची. सहा महिने एकही मूल आपल्या गटातून हलले नाही, तर मुले शिकत नाहीत असे समजण्याऐवजी गट गोठले आहेत असे समजावे. आपल्या समाजरचनेत माणसांना जन्मभर एका खणात ठेवण्याची सवय जुनी आहे. शाळेने तिला नवे निमित्त देऊ नये.

दुसऱ्या टोकाच्या मुलाचाही विचार हवा. गोष्ट सहज वाचणारी मुलगी वर्षभर इतरांना शिकवण्यातच गुंतली, तर तिची पायरी कोण चढवणार? ग्रामीण शाळेत पुढे असलेल्या मुलाकडे दुर्लक्ष होणे हे मागे असलेल्याकडे होणाऱ्या दुर्लक्षाइतकेच सर्रास घडते, फक्त ते दिसत नाही, कारण त्याचे गुण चांगले असतात.

यंत्रांचा उपयोग येथे होतो का? होतो, आणि त्याचे जगाने गौरवलेले उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. पाठ्यपुस्तकातील कविता, धडे, स्वाध्याय यांना त्यांनी क्यूआर कोड जोडले. पालकाच्या मोबाइलवर तो कोड उघडला की कविता ऐकू येते, धडा पाहता येतो, आणि मूल तो हवा तितक्या वेळा ऐकू शकते. वर्गातील शिक्षक तेच वाक्य पाचव्यांदा सांगताना थकतात. मोबाइल थकत नाही. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. क्यूआर कोड पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर सर्वत्र आले. दिल्लीच्या ज्या अभ्यासाचा उल्लेख वर आला, त्यातही मुलाचा स्तर ओळखून त्याला त्या स्तराचे प्रश्न देणारे संगणकीय साधन वापरले होते आणि त्याने मुलांच्या गणितात व हिंदीत चांगली प्रगती झाली. दोन्ही ठिकाणी यंत्र उपयोगी पडले ते मुलाच्या गतीने चालले म्हणून. भिंतीवर टांगलेला मोठा टीव्ही तीस मुलांना एकाच वेळी एकच पाठ दाखवतो. मुलाच्या दृष्टीने तो बोलणारा फळाच आहे.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण आहे. या मासिकाचे कित्येक वाचक शिक्षणसंस्थांवर विश्वस्त आहेत, कित्येक जण आई-वडिलांच्या स्मरणार्थ गावच्या शाळेस देणगी देतात. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर दात्याचे नाव रंगवलेली शाळा आपण सर्वांनी पाहिली आहे. पंखा फिरू लागला की नाव वाचता येत नाही, एवढीच त्यातली गंमत. आता पंख्याची जागा स्मार्ट टीव्हीने घेतली आहे. दात्यांनी देण्यापूर्वी एकदा शिक्षकांना विचारावे, की तुमच्या मुलांना कोणत्या स्तराची पुस्तके हवीत. एका पानावर एकच ओळ असलेली, दोन ओळी असलेली, छोटी गोष्ट असलेली, अशी चढत्या क्रमाची पन्नास-शंभर पातळ पुस्तके वर्गाच्या दोरीवर टांगली, तर प्रत्येक मुलाला आपल्या उंचीचे काही तरी हाताशी येते. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या खुल्या संग्रहात मराठी गोष्टी अशा पातळीनुसार उपलब्ध आहेत आणि त्या छापून घेण्यास मुभा आहे. त्यांवर देणगीदाराचे नाव छापावयाचे असेल तर तेही खुशाल छापावे. ती वाचली तरी जातील.

पालकांकडूनही एक अडचण येते. ‘पोर्शन कोठवर आला’ हा पालकांचा लाडका प्रश्न. जवळच्या इंग्रजी शाळेत मुले सत्तरावे पान लिहीत असताना आपल्या शाळेत मूल चिंचोके मोजते आहे, हे पाहून गावातील पालक अस्वस्थ होतात आणि शिक्षिकेची बाजू सभेत लंगडी पडते. त्या सभेत मुलालाच उभे करून वाचायला लावण्याचा मोह टाळावा. जूनमधले कार्ड आणि दिवाळीनंतरचे कार्ड पालकांपुढे शेजारी शेजारी ठेवावे, एकेका पालकाशी स्वतंत्र बोलावे. जी आई स्वतः शाळेत गेलेली नाही, तिलाही ‘तेव्हा अक्षरे ओळखीत होता, आता शब्द वाचतो’ हे वाक्य पूर्ण समजते. टक्केवारी तिला समजतेच असे नाही.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, यासाठी २०२६-२७ ही मुदत ठेवण्यात आली. मुदत जवळ आली की आकडे सुधारण्याची घाई होते, हे कोणत्याही लक्ष्यपूर्ती मोहिमेत मार्चअखेर काम केलेल्या माणसास सांगावे लागत नाही. कागदावर सर्व मुले ‘गोष्ट’ स्तरावर दाखवण्याचा मोह शाळेला होईल. वरच्याने विचारले तर आकडा सुंदर दिसेल, पण मुलाच्या कार्डावर खोटी नोंद पडली की उद्या त्याच्याजवळ बसणाऱ्या शिक्षकाला त्याची खरी पायरी सापडण्याचा मार्गच बंद होतो.

या तालुक्यात तर ती पायरी वर्षातून एकदा हमखास हरवते. दिवाळीच्या आगेमागे उसाचा हंगाम सुरू होतो आणि तांड्यांवरील व वाड्यांवरील काही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या फडांकडे निघतात. शासनाने हंगामी वसतिगृहे काढली, मुलाबरोबर नव्या शाळेत जावे म्हणून शिक्षण हमी कार्ड दिले. काही मुले आजी-आजोबांजवळ राहतात आणि शाळा सुटत नाही. काही आई-वडिलांबरोबर जातात, धाकट्या भावंडाला सांभाळतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. तोवर वर्ग शेवटच्या धड्यापाशी पोहोचलेला असतो. पटावर नाव असते, कायद्याने पुढच्या वर्गात जाणेही असते. त्या मुलाला वर्गात बसवून शेवटचा धडा ऐकवणे म्हणजे त्याला शाळा आपली नाही असे सांगणे होय.

ज्या शाळेत शिडी आणि कार्ड आहे, तेथे काम सोपे असते. कपाटातून ऑक्टोबरचे कार्ड काढायचे. त्यावर लिहिलेले असते : शब्द वाचतो, जोडाक्षरावर अडतो, विसापर्यंत बेरीज येते. कदाचित या पाच महिन्यांत जोडाक्षरे पुसट झाली असतील. कदाचित फडावर उसाच्या मोळ्या आणि गाडीचे हिशेब ऐकून त्याला शंभरापर्यंतचे मोजणे आपोआप आले असेल; तसे असेल तर गणितात त्याला थेट पुढचे कार्ड द्यायचे. त्याला ओसरीत घेऊन जायचे, सोबत बसायचे, तोच कागद पुढे ठेवायचा आणि म्हणायचे, ‘बाळ, वाच बरं, कुठपर्यंत येतंय ते बघू.’